वायरिंग जुने झाले म्हणजे काय झाले?

नाशिकच्या जुन्या गावठाणात, म्हणजे सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली या भागांत आणि नदीपलीकडे पंचवटीत, अजूनही बरेच वाडे नांदते आहेत. लाकडी खांब-तुळया, जाड भिंती, मध्ये चौक. यांतले कितीतरी वाडे बांधले गेले तेव्हा वीज नव्हती. ती मागाहून आली आणि सागवानी पट्ट्यांवरून खोल्याखोल्यांत फिरवली गेली. पुढे प्रत्येक पिढीने त्यात आपापली भर घातली. पावसाळा आला, की या घरांत एक प्रश्न निघतोच: हे वायरिंग बदलायला हवे का? वायरमन म्हणतो, "सगळे काढून टाका." घरातील वडीलधारे म्हणतात, "पन्नास वर्षांत काही झाले नाही." दोघांनीही काही मोजलेले नसते. खरे तर हा प्रश्न मोजून सुटण्यासारखा आहे आणि त्यासाठी लागणारे विज्ञान दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

तारेत दोन गोष्टी असतात: आत धातू आणि बाहेर आवरण. तांबे सहसा म्हातारे होत नाही. म्हातारे होते ते आवरण, आणि सैल पडतात ते जोड.

सर्वांत जुन्या वायरिंगमध्ये रबराचे आवरण आणि त्यावर सुती वेष्टन असलेली तार सापडते. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळत. तो तांब्याला खातो, म्हणून तांब्यावर कथलाचा मुलामा देत. (अशी तार सोलल्यावर रुपेरी दिसते, ते ॲल्युमिनियम नव्हे.) हवेतील ऑक्सिजनमुळे रबर हळूहळू ठिसूळ होते. तार जागची हलवली नाही तोवर आवरण कसेबसे टिकून असते. बटन बदलण्यासाठी ती जरा वाकवली की त्याचा भुगा पडतो. अशी तार घरात असेल तर पुढील चर्चेची गरज नाही. ती काढावीच.

नंतर आलेल्या पीव्हीसीची गोष्ट वेगळी. घरगुती तारेवरचे नेहमीचे पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंत काम करते. सतत तापत राहिले तर त्याला मऊपणा देणारी द्रव्ये निघून जातात आणि ते कडक होते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून गीझरला जाणारी वीस वर्षांची तार देवघरातल्या दिव्याच्या चाळीस वर्षांच्या तारेपेक्षा 'वयस्कर' असू शकते. नुसती वर्षे मोजून उपयोग नाही तो यामुळे.

आता जोडांकडे वळू. हा भाग वर्गात मुलांकडून सोडवून घेण्याजोगा आहे. पूर्वीचे घर घ्या: ४० वॅटचे चार दिवे आणि एक रेडिओ. सगळे मिळून सुमारे २०० वॅट, म्हणजे १ अँपिअरहून कमी धारा. आज त्याच तारेवर २००० वॅटचा गीझर लावला तर २००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. त्याच वेळी कोणी १००० वॅटची इस्त्री सुरू केली की १३. समजा, वाटेत एक सैल जोड आहे आणि त्याचा रोध अवघा ०.२ ओहम आहे. ज्यूलच्या नियमानुसार उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ अँपिअरला त्या जोडात ०.२ वॅट उष्णता निर्माण होत होती; १३ अँपिअरला ती जवळजवळ ३४ वॅट होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची कावीळ २५ वॅटची असते. म्हणजे वाटाण्याएवढ्या जोडात एक पेटती कावीळ, तीही जुन्या लाकडी पट्टीला टेकलेली.

यातली खरी गोम पुढेच आहे. या जोडामुळे विभवांतर फक्त २.६ व्होल्टने घटते, त्यामुळे दिवा मंद झाल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही. धारा तर नेहमीचीच आहे, म्हणून फ्यूज वितळत नाही आणि एमसीबीही पडत नाही. पत्ता लागतो तो वासाने, तपकिरी पडलेल्या सॉकेटने किंवा हाताला गरम लागणाऱ्या बोर्डाने. ॲल्युमिनियमच्या तारांत हे अधिक घडते. त्यांच्या पृष्ठभागावरचे ऑक्साइड विजेचे दुर्वाहक असते आणि धातू मऊ असल्याने स्क्रूखाली हळूहळू दबत जातो.

येथे एका फसवणुकीचा उल्लेख केला पाहिजे. बरेच जण बटनांचे बोर्ड तेवढे नवे, चकचकीत बसवून घेतात आणि वायरिंग बदलल्याचे समाधान मानतात. भिंतीतली तार जुनीच राहते. शिवाय नव्या बोर्डावर सॉकेट वाढल्याने तिच्यावरचा भार वाढतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे, हा याचाच पुढचा अंक.

अर्थिंगबाबत तर आनंदच असतो. तीन पिनांच्या सॉकेटमधील मोठे भोक कित्येक ठिकाणी रिकामेच असते. कुठे ती तार नळाला बांधलेली असते, आणि नळ आता प्लास्टिकचे झाले आहेत. कुठे ती न्यूट्रललाच जोडलेली असते. हे सर्वांत घातक. न्यूट्रल कुठे तुटला की फ्रीजचे अंगच जिवंत होते. जमिनीत पुरलेले अर्थिंग असले तरी ते कितपत चांगले, हा प्रश्न उरतो. त्याचा रोध २० ओहम असेल तर दोषाच्या वेळी फार तर साडेअकरा अँपिअर धारा वाहील. १५ अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही आणि यंत्राच्या अंगावर वीज तशीच राहील.

गोदावरीला पूर आला, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पोहोचले यावरून नाशिककर त्याचे माप सांगतात. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ च्या पुरांत पाणी सराफ बाजारात शिरले होते. बुडालेला बोर्ड उन्हात वाळला म्हणजे ठीक झाला, असे नसते. गाळातले क्षार मागे राहतात आणि दमट हवेत पुन्हा वीज वाहू लागतात. पूर नसला तरी मातीच्या, चुन्याच्या भिंती ओल धरतातच.

ही गळती मोजण्याचे साधन म्हणजे मेगर. मेन स्विच बंद करून, दिवे व उपकरणे काढून, बटने चालू ठेवून तारा आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्ट देतात आणि रोध पाहतात. तो निदान १ मेगओहम हवा. तेवढा असेल तर २३० व्होल्टला गळती पाव मिलिअँपिअरहून कमी असते. तो २०,००० ओहमवर आला असेल तर गळती साडेअकरा मिलिअँपिअर होऊ शकते; एवढ्या धारेने हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. ही चाचणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी आणि शक्यतो श्रावणात करावी. मे महिन्यात तीच तार उत्तम आकडा दाखवील. प्रत्येक सर्किटचा आकडा वेगळा लिहून मागावा. एखादेच सर्किट नापास झाले तर तेवढेच बदलून भागते. बहुतेक सर्व नापास झाली तर वायरमनचे म्हणणे खरे. आकडे चांगले आले, अर्थिंग धड असले आणि जोड घट्ट असले, तर गीझर व स्वयंपाकघरासाठी जाड तारेची स्वतंत्र सर्किटे टाकून बाकीचे ठेवता येते.

वाड्यांत अडचण विज्ञानाची कमी आणि भाड्याची जास्त असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटिशीनंतर १५ दिवसांत त्याने ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा, भाडे महिना १०० रुपये आहे. तर ही रक्कम ३०० रुपये झाली. त्यात तारेचे एक भेंडोळेही येत नाही. मग मालक म्हणतो भाडे परवडत नाही, भाडेकरू म्हणतो घर माझे नाही, आणि पट्टीतली तार तशीच राहते.

अशा वेळी भाडेकरूने निदान आपल्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. घर सोडताना तो काढून नेता येतो. जाणारी आणि परतणारी धारा यांत फरक पडताच तो क्षणात वीज तोडतो. तापलेला जोड मात्र त्याला कळत नाही. जुन्या घरात तो पावसाळ्यात वारंवार पडतो आणि मग 'स्विचच खराब आहे' म्हणून काढून टाकला जातो. तो काढू देण्यापूर्वी त्या दिवसाचा मेगरचा आकडा मागून घ्यावा.