औद्योगिक प्रदर्शनातील मालवाहतूक व हाताळणी खर्च : स्वरूप आणि बचतीचे मार्ग

प्रास्ताविक

औद्योगिक प्रदर्शन हे लघुउद्योगासाठी बाजारपेठेचे प्रवेशद्वार मानले जाते. महाराष्ट्रातील पंप, व्हॉल्व्ह किंवा यंत्रांचे सुटे भाग बनविणारा लघुउद्योजक दिल्लीच्या प्रगती मैदानात अथवा परदेशातील एखाद्या प्रदर्शनात सहभागी होतो, तेव्हा जागेचे भाडे त्याला आगाऊ ठाऊक असते. वाहतूक व हाताळणी यांचा खर्च मात्र पुष्कळदा देयक हाती पडल्यावरच कळतो. असा अनपेक्षित बोजा पडल्यास पुढील वर्षीचा सहभाग रद्द होण्याची शक्यता असते. वस्तुतः खरेदीदाराचा विश्वास सातत्याने दिसणाऱ्या उत्पादकावरच बसतो. म्हणून या खर्चाचा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून लघुउद्योगाच्या बाजारपेठेतील टिकावाचा आहे. हा खर्च मुख्यत्वे वाहतूकदाराशी होणाऱ्या दराच्या घासाघिशीत नव्हे, तर त्यापूर्वीच्या नियोजनात ठरतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. आकारमानाधारित वजन

हवाई मालवाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाधारित वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी होते. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार करून त्यास सामान्यतः ६,००० ने भागले जाते. कुरिअर सेवेत हा भाजक बहुधा ५,००० असतो. उदाहरणार्थ, १२० × ८० × १०० सेंटिमीटर मापाच्या पेटीचे प्रत्यक्ष वजन ७० किलो असले तरी आकारणी १६० किलोंवर होते. तेच साहित्य सुटे करून ५० सेंटिमीटर उंचीच्या पेटीत बसविल्यास आकारणी ८० किलोंवर येते. दर तोच राहूनही खर्च निम्मा होतो. म्हणून घडीचे फलक, सुटी होणारी मांडणी आणि गुंडाळता येणारे कापडी पडदे यांचा विचार प्रदर्शन-कक्षाच्या आराखड्यातच होणे आवश्यक आहे.

२. हाताळणी खर्चाचे स्वरूप

वाहतूकदार माल प्रदर्शनस्थळाच्या दारापर्यंत आणतो. तेथून तो कक्षापर्यंत नेणे, रिकाम्या पेट्या साठविणे, प्रदर्शनानंतर त्या परत देणे आणि माल पुन्हा वाहनात चढविणे ही कामे हाताळणीत मोडतात. अमेरिकेतील प्रदर्शनांत ही कामे सहसा आयोजकांनी नेमलेल्या कंत्राटदाराकडेच असतात. त्यांची आकारणी दर १०० पौंडांमागे, म्हणजे सुमारे ४५ किलोंमागे होते आणि अनेक ठिकाणी प्रत्येक आवकेसाठी २०० पौंडांची किमान आकारणी असते. अशा ठिकाणी ६० पौंडांचे तीन खोके वेगवेगळ्या दिवशी पोहोचले तर ६०० पौंडांचे शुल्क भरावे लागते. तेच एकत्र बांधून एका पावतीवर पाठविल्यास २०० पौंडांचेच शुल्क पडते.

सायंकाळी वा सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मालावर आणि सुट्या, नीट न बांधलेल्या मालावर अधिभार लागू शकतो. माल आगाऊ गोदामात पाठविण्याचा दर थेट प्रदर्शनस्थळाच्या दरापेक्षा काहीसा अधिक असू शकतो. तथापि वाहन ताटकळण्याचा खर्च त्यामुळे टळतो. त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी प्रदर्शकांसाठीच्या नियमपुस्तिकेतील दोन्ही दरांची तुलना करावी.

३. कागदपत्रे व करविषयक तरतुदी

तात्पुरत्या आयातीसाठी १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने एटीए कार्नेट ही व्यवस्था निर्माण केली. भारतात हे दस्तऐवज फिक्की ही संस्था देते. त्याची मुदत कमाल एक वर्ष असते. त्यामुळे करारात सहभागी असलेल्या देशात प्रदर्शनीय वस्तू आयात शुल्क न भरता नेता येतात. मात्र माल मुदतीत परत आणणे बंधनकारक असते, तसेच शुल्क व तारण द्यावे लागते. माहितीपत्रके, भेटवस्तू यांसारख्या वाटून संपणाऱ्या वस्तू त्यात समाविष्ट होत नाहीत. माहितीपत्रके प्रदर्शनाच्या शहरातच छापून घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

वस्तू व सेवा कराच्या संदर्भात १८ जुलै २०१९ चे परिपत्रक महत्त्वाचे आहे. त्यानुसार प्रदर्शनासाठी परदेशी नेलेला माल तेवढ्यावरून 'पुरवठा' ठरत नाही. तो डिलिव्हरी चलनावर नेता येतो आणि त्यासाठी बंधपत्र लागत नाही. मात्र सहा महिन्यांत तो विकला गेला पाहिजे किंवा परत आला पाहिजे. देशांतर्गत आंतरराज्य वाहतुकीत मालाचे मूल्य ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास विक्रीचा हेतू नसला तरी सामान्यतः ई-वे बिल आवश्यक ठरते. कागद अपुरे असल्यास दंड तर होतोच, शिवाय वाहन अडकून प्रदर्शनाचा पहिला दिवसही हातचा जाऊ शकतो.

४. पेटी व परतीचा प्रवास

आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील लाकडी पेट्यांना आयएसपीएम १५ हे मानक लागू आहे. त्यातील रूढ उष्णताप्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस राखावे लागते व पेटीवर तसा शिक्का असावा लागतो. प्लायवुड या अटीतून मुक्त आहे, परंतु प्लायवुडच्या पेटीला ठोकलेल्या अखंड लाकडाच्या पट्ट्या मुक्त नाहीत. हा बारकावा दुर्लक्षित राहिल्यास माल बंदरात अडकू शकतो.

परतीचा खर्च आरंभीच विचारात घ्यावा. यंत्र परत आणणे अपरिहार्य असले तरी स्वस्त फलक व फर्निचर यांचे परतीचे भाडे त्यांच्या मूल्याहून अधिक होऊ शकते. अशा वस्तू तेथेच भाड्याने घ्याव्यात आणि कार्नेटच्या यादीत केवळ परत येणाऱ्या वस्तूंचाच समावेश करावा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, खर्चाचा मोठा भाग पेटीचे आकारमान, आवकांची संख्या, माल पोहोचण्याची वेळ आणि कागदपत्रांची पूर्तता यांवर अवलंबून असतो. या चारही बाबी माल निघण्यापूर्वी उद्योजकाच्या हाती असतात. यंत्राच्या सुरक्षित बांधणीत मात्र काटकसर करू नये, कारण मोडलेले यंत्र मांडण्यात संपूर्ण सहभागच व्यर्थ जातो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील एखाद्या लघुउद्योगाच्या प्रदर्शन-खर्चाचे घटकनिहाय विश्लेषण प्रकल्प म्हणून केल्यास परिव्ययलेखन हा विषय त्यांना अधिक स्पष्ट होईल आणि उद्योजकासही पुढील प्रदर्शनाचे वास्तव अंदाजपत्रक उपलब्ध होईल.