जमाखर्चाची विद्या

दहावीचा निकाल लागला की आपल्या भीमपूर परिसरातील पालकांपुढे दोनच वाटा उभ्या राहतात : डॉक्टरकी आणि इंजिनिअरी. वाणिज्य शाखेचे नाव काढले की चेहरे उतरतात. 'गणित जमत नाही वाटते?' असे शेजारी विचारतो. हा समज निदान मराठी घरांतून तरी जायला हवा, कारण हिशेबाची विद्या आपल्याला परकी नाही.

नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. 'फडणवीस' हा त्यांच्या घराण्याकडील हुद्दा. दौलतीचे हिशेबदप्तर सांभाळणाऱ्याचा. इतिहासात आपण नानांना मुत्सद्दी म्हणून वाचतो. पण कोणत्या परगण्याचा वसूल किती आणि कोणाकडे बाकी किती हे ज्याच्या दप्तरात, त्याचा शब्द दरबारात जड असणारच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतील ते कागद आजही जपलेले आहेत. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आपल्या जुन्या वह्यांतलेच.

आजची पद्धत दुहेरी नोंदीची. इटलीतील लुका पाचोली या धर्मगुरूने ती १४९४ साली ग्रंथरूपाने छापली. तिचे मर्म असे की प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी नोंदवायचा. पन्नास हजारांचे कर्ज काढले, तर रोकड वाढली. पण तेवढेच देणेही वाढले. हाती आलेला प्रत्येक पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे! कापसाची पट्टी हाती पडताच लग्नाचा बेत आखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने बियाणे, खत, वेचणीची मजुरी आणि व्याज त्याच वहीत मांडले, तर त्या पट्टीतले खरोखर आपले किती, हे त्याला बेत आखण्यापूर्वीच दिसेल. घसाऱ्याचेही तसेच. ट्रॅक्टर एकदाच घेतला जातो, परंतु त्याची झीज दरवर्षीच्या खर्चात धरावी लागते. वाणिज्याचा विद्यार्थी हे पहिल्याच वर्षी शिकतो.

तेलंगणात इंटरला सी.ई.सी. आणि एम.ई.सी. असे दोन गट आहेत. पहिल्यात नागरिकशास्त्र, दुसऱ्यात गणित. अर्थशास्त्र व वाणिज्य दोहोंत. ज्याला गणिताची गोडी आहे त्याने दुसरा घ्यावा, पुढे उपयोगी पडतो.

सनदी लेखापालाची, म्हणजे सी.ए.ची, वाट कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ही परीक्षा घेणारी संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, शेवटी फायनल. मध्ये दोन वर्षे एखाद्या सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी. फाउंडेशनला चार विषय; प्रत्येकात किमान चाळीस आणि एकूण पन्नास टक्के गुण लागतात. अनेकांचे प्रयत्न वाया जातात. म्हणून बी.कॉम.ची पदवी सोबत करावी, म्हणजे वर्षे फुकट जात नाहीत.

आपल्या मुलांची खरी अडचण निराळीच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि इंटरला एकदम तेलुगू किंवा इंग्रजी. 'येणे' आणि 'देणे' ज्याला चोख कळते तो हुशार मुलगा 'डेबिट' आणि 'क्रेडिट' या शब्दांपाशी अडखळतो, आणि शिक्षक त्याला मंद समजतात. सी.ए.ची परीक्षा हिंदीतूनही देता येते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला तो मोठा आधार होऊ शकतो. तरीही इंग्रजी संज्ञा नववीपासूनच मराठीच्या जोडीने कानांवरून घालाव्यात, हे उत्तम.

सी.ए. झाले नाही तरी दारे बंद होत नाहीत. परिव्यय लेखापाल, कंपनी सचिव हे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. राज्य लोकसेवा आयोगाच्या गट-चार परीक्षेतून कनिष्ठ लेखापाल घेतले गेले आहेत. महालेखापालांच्या कार्यालयांतील जागा केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरल्या जातात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कराच्या कक्षेतील व्यापाऱ्यांना नियमित विवरणपत्रे भरणे आले. आदिलाबादच्या कापूस बाजाराभोवतीच्या पेढ्यांना आणि जिनिंग कारखान्यांना संगणकावर हिशेब ठेवणारी माणसे लागतात. ज्या मुलींना घरचे दूर पाठवत नाहीत, त्यांनी या कामाची चौकशी अवश्य करावी, बी.कॉम. करता करताच संगणकावरील हिशेब शिकता येतो.