पितळी कासव, शिंपले आणि टाकीतलं पाणी

गैरसमज : निसर्गातली वस्तू आहे ना, मग माशांना चालतेच.

फिशटँकच्या बाबतीत हा समज सगळ्यात महागात पडतो. कोकणातून परतताना पिशवीभर शंख-शिंपले येतात, धुऊन-पुसून थेट टाकीत जातात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात चुनखडी. तो अगदी हळूहळू विरघळत राहतो; पाणी जड होतं आणि पीएच वर सरकतो. प्रवाळाचे तुकडे आणि संगमरवराची खडी यांचंही तसंच. पीएच वाढला की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचा विषारी वाटाही वाढतो. पाणी दिसायला लख्ख असतं आणि हलक्या, किंचित आम्लधर्मी पाण्यातले निऑन टेट्रा किंवा डिस्कस मात्र मलूल होत जातात.

याचा अर्थ शिंपला वाईट, असा नव्हे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात काही छोटे सिक्लिड गोगलगाईच्या रिकाम्या शंखातच संसार थाटतात. त्यांच्या टाकीत शंख हवेच. सजावट निवडायची ती आधी मासा ठरवून.

दगडाची परीक्षा घरीच होते. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर तो टाकीबाहेर. घरातलं व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून बुडबुडे दिसले नाहीत तरी दगड आठवडाभर बादलीतल्या पाण्यात ठेवून आधीचा आणि नंतरचा पीएच मोजलेला बरा. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सहसा निरुपद्रवी. पण सह्याद्रीतल्या या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात आणि त्यांत कधीकधी कॅल्साइटही निघतं. तेव्हा थेंब काळ्या भागावर नव्हे, त्या पांढऱ्या ठिपक्यावर टाकायचा. दगड उकळायला मात्र ठेवू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ब्रशने घासून वरून गरम पाणी ओतलं की पुरे. साबण अजिबात नको.

गैरसमज : तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितो, मग माशांना काय होणार?

वास्तूसाठी म्हणून टाकीत सोडलेलं पितळी कासव किंवा तांब्याचं नाणं यामागे हाच हिशेब असतो. आपण पेलाभर पाणी पितो. मासा चोवीस तास त्याच पाण्यात असतो आणि ते सतत त्याच्या कल्ल्यांवरून वाहतं. विरघळलेलं तांबं कल्ल्यांना इजा करतं, शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. हलक्या पाण्यात तर ते जास्तच बाधतं. कोळंबी आणि गोगलगाई अगदी थोड्या तांब्यानेही दगावतात. माशांवरच्या परजीवींच्या काही औषधांत तांबं असतं, पण तिथे मात्रा मोजलेली असते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणून कासव देवघरातच शोभतं.

गैरसमज : लाकडाने पाणी तांबूस झालं म्हणजे टाकी खराब झाली.

तो रंग टॅनिनचा, कोऱ्या चहासारखा. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ नेग्रो नदीचं पाणी याच रंगाचं आहे आणि कार्डिनल टेट्रा तिथलाच रहिवासी. ड्रिफ्टवुड आधी भिजत घालून पाणी बदलत राहिलं की रंग उतरतो. नव्या लाकडावर येणारा पांढरा, चिकट थरही बहुतेक वेळा आपोआप जातो. नको ते ओलं, चीक असलेलं लाकूड.

गैरसमज : प्लास्टिक म्हटलं की विषारीच.

टाकीसाठी बनवलेलं चांगलं प्लास्टिक पाण्यात काही सोडत नाही. अडचण त्याच्या धारेची आहे. बेट्टाचे लांब पर कडक पानांवर फाटतात. जुनी नायलॉनची ओढणी त्या झाडावरून फिरवा. धागा अडकला तर परही अडकणार. स्वस्त किल्ल्याचा रंग नखाने निघत असेल तर तो दुकानातच राहू द्या. मातीची साधी, बिनरंगी कुंडी आडवी ठेवली की लपायला उत्तम जागा होते. काचेच्या गोट्याही चालतात, फक्त फटींत खाद्य अडकून कुजतं, तेवढं उपसत राहावं लागतं.

लकी बांबू मुळात पाणवनस्पती नाही. तो पूर्ण बुडवला तर सडतो. पानं पाण्याबाहेर ठेवा. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळून पाणी जड करते. आणि तुटलेली सजावट चिकटवायला बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं बुरशीनाशक माशांना घातक ठरतं. मत्स्यालयासाठीचं सिलिकॉन वेगळं मिळतं.