जुना पीसी, नवा दम

पॉवर बटण दाबलं, चहा टाकला, पिऊन झाला, कपही विसळला, तरी स्क्रीनवर ते गोल गोल चक्र फिरतंच आहे? मग घरी 'नवा लॅपटॉप हवा' असा विषय काढण्याआधी जरा थांबा. बऱ्याचदा अख्खा कम्प्युटर नाही, त्यातला एखादाच पार्ट दमलेला असतो.

आधी तपासणी
कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीची कामं चालू ठेवून 'परफॉर्मन्स' बघा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर दुखणं बहुतेक हार्ड डिस्कचं. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर रॅम कमी पडतेय.

पहिला मान एसएसडीचा
हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि हेड डेटा शोधत हिंडतं. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीही सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क साधारण १०० ते १५०. विंडोज एसएसडीवर टाका. जुनी डिस्क धड असेल तर फोटो-सिनेमांसाठी ठेवा. पण त्याआधी बॅकअप घ्याच!

मग रॅम
४ जीबीवर असाल तर ८ करा, व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर १६. मात्र डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही. काही स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथे हात टेकायचे. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्ली गाठण्याआधी मॉडेल नंबर लिहून घ्या, नाहीतर दुकानदार सांगेल तेच घ्यावं लागेल.

ग्राफिक्स कार्डचा मोह
गेमिंग करत नसाल तर सोडून द्या. करत असाल, तर एसएमपीएसला तेवढा लोड झेपतो का ते बघा. जुना प्रोसेसर मागे पडला, तर भारी कार्डही नुसतं बसून राहतं.

कुठे थांबायचं?
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तुमचा त्याहून जुना असेल तर एसएसडी घालून लिनक्स मिंट टाकून बघा, ते फुकट आहे. प्रोजेक्ट, ब्राउझिंग, लेक्चर सगळं आरामात होईल. पण प्रोसेसरच बदलायचा म्हटलं, की मदरबोर्ड आला, बहुतेकदा रॅमही आली. तिथे हिशोब करा आणि ते पैसे नव्या मशीनसाठी बाजूला टाका.