पाखराला भूल देताना

संक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार किंवा बगळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी तो झाडाझाडांवर लोंबताना दिसतोच. पंखात रुतलेला दोरा काढायचा, कातडी शिवायची, मोडलेले हाड बसवायचे, तर पाखराला भूल द्यावी लागते. तुम्ही म्हणाल, जनावराला देतात तशी सुई टोचायची, त्यात काय एवढे? पण जनावराचा श्वास वेगळा आणि पाखराचा वेगळा.

आपल्या छातीखाली श्वासपटल असते, पाखराला ते नसते. त्याची फुफ्फुसे लहान, पाठीच्या फासळ्यांना चिकटलेली; ती आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवण्याचे काम अंगात पसरलेल्या पातळ पिशव्या करतात. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात, आणि पुष्कळांच्या खांद्याजवळच्या पोकळ हाडातही त्यांचा फाटा गेलेला असतो. लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. हा भाता चालतो तो छातीचे हाड हलते म्हणून. ते मुठीत आवळून धरले, तर चोच उघडी असूनही पाखरू गुदमरते. पोरांच्या हातात चिमणी मेली की आपण म्हणतो, भ्याली बिचारी. कित्येकदा ती भीतीने नव्हे, मुठीने मेलेली असते.

या भात्यातून हवेतले जे काही असेल ते रक्तात फार लवकर उतरते. म्हणून तर ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत. विषारी वायू माणसाच्या आधी त्याला बाधे. ती प्रथा १९८६ साली मोडीत निघाली. हाच गुण भुलेच्या वेळी उपयोगी पडतो, आणि घातही करतो. आयसोफ्लुरेन नावाचे औषध प्राणवायूत मिसळून लहानशा मुखवट्यातून देतात. पाखरू मिनिटा-दोन मिनिटांत निजते, आणि औषध बंद केले की थोड्याच मिनिटांत डोळे उघडते. मात्रा जरा जास्त झाली, तर श्वासही तितक्याच लवकर थांबतो. तेव्हा एक माणूस केवळ श्वास मोजायला हवा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काम लांबणार असेल तर श्वासनलिकेत नळी घालतात. माणसाच्या नळीला बाहेरून फुगा असतो. पाखरासाठी तो फुगवत नाहीत, कारण त्याच्या श्वासनलिकेची कडी पूर्ण गोल असतात, ताणली जात नाहीत. यंत्र नसेल तिथे केटामाइनसारखी सुई देतात, पण तिच्यातून उठायला वेळ लागतो आणि उठताना पाखरू पंख आपटून घेते.

दुसरा शत्रू थंडी. पाखराच्या अंगाची ऊब चाळीस-बेचाळीस अंश असते. निजले की ती झपाट्याने उतरते. म्हणून खाली ऊब ठेवतात, पिसे लागतील तेवढीच उपटतात, स्पिरिटने अंग भिजवत नाहीत. उपाशी ठेवण्याचेही तारतम्य लागते. गळ्याखालची पिशवी भरलेली असली तर अन्न उलटून श्वासनलिकेत जाते. म्हणून मांस खाल्लेल्या शिकारी पक्ष्याला अधिक वेळ थांबवतात. लहान पाखराला मात्र फार वेळ उपाशी ठेवता येत नाही. त्याच्या अंगात साठा तो कितीसा!

आता तुमचे काम. रुतलेला दोरा ओढू नका. बाहेरचा भाग तेवढा कात्रीने कापा. पंख अंगालगत धरा, छाती मोकळी ठेवा. घारीच्या नख्या सांभाळा, जाड कापड घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात पाखरू ठेवा, वर अंधार करा, चोचीत पाणी ओतू नका. गुरुजींनी हे वर्गात कापडाची गुंडाळी हातात घेऊन दाखवावे. पोरे लगेच शिकतात. रानपाखरू, अगदी पिंजऱ्यातला आपला राघूसुद्धा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. तेव्हा वनखात्याला कळवा आणि पशुवैद्याकडे न्या. पाखरू कधी सापडले आणि त्याने शेवटचे काय खाल्ले, एवढे नीट सांगा. भुलेची वेळ डॉक्टर त्यावरून ठरवतील.