लहान कॅमेरा आणि बुऱ्हाणपूरचा अंधार

बुऱ्हाणपुरात उन्हाला तोटा नाही. परंतु या गावाचे जे खरे वैभव आहे, ते बहुतांशी अंधारात आहे. शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावरची चित्रे घ्या, बेगम शाह शुजाच्या मकबऱ्यातील वेलबुट्टी घ्या, किंवा जमिनीच्या पोटातील कुंडी भंडारा घ्या. हौशी छायाचित्रकाराची फजिती करण्यास ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत. माझी ती अनेक वर्षे होत आली.

शाळकरी वयात घरात आगफा क्लिक थ्री होता. बारा फोटोंचा रोल, आणि ऊन असेल तरच फोटो, असा त्याचा सरळ व्यवहार. पुढे यथावकाश डिजिटल एसएलआर आला, त्यामागून दोन झूम लेन्स आल्या, आणि पिशवीचे वजन साडेचार किलोंवर गेले. साठी उलटल्यावर उजवा खांदा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी ओझे उचलण्यास मनाई केली आणि पिशवी कपाटात गेली. ती वर्षभर बाहेर निघाली नाही. छंद सुटल्याचे दुःख इतरांना हास्यास्पद वाटते. ज्याचा सुटतो त्यालाच ते ठाऊक.

अखेर भाच्याच्या आग्रहावरून ऑलिंपसचा ई-एम१० मार्क टू हा मिररलेस कॅमेरा घेतला. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो दृश्य वरच्या खिडकीत पाठवितो आणि फोटो काढतेवेळी उचलला जातो. त्याला हलण्यास जागा हवी, म्हणून निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सर ४६.५ मिलिमीटर मागे असतो. आरसाच काढून टाकला की हे अंतर कमी करता येते. माझ्या कॅमेऱ्यात ते २० मिलिमीटरांहूनही कमी आहे. सेन्सरही लहान, १७.३ बाय १३ मिलिमीटरांचा, त्यामुळे लेन्सही आटोपशीर होतात. पॅनासोनिकने या पद्धतीचा पहिला कॅमेरा २००८ साली आणला; त्याच कंपनीची २० मिलिमीटरची लेन्स तर थालीपिठासारखी चपटी आहे. माझ्याकडे १७ आणि ४५ मिलिमीटरच्या दोन आहेत, प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्या आत. सगळा संसार सदऱ्यावरच्या जाकिटाच्या खिशांत मावतो.

१८८२ साली लाला दीनदयाळ यांनी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली, ती काचेच्या प्लेटांवर. त्या सरंजामापुढे माझ्या साडेचार किलोंचे रडगाणे गाऊ नये हे मला कळते. पण खांद्याला इतिहास सांगून उपयोग नसतो.

पहिली कसोटी ठेवली ती मकबऱ्यात. शाहजहानचा पुत्र शाह शुजा याची बेगम बिलकीस हिचा बाळंतपणात अंत झाला. तिची ही लहानशी वास्तू घुमटाच्या फाकांमुळे खरबुजासारखी दिसते, म्हणून लोक तिला खरबूजा महल म्हणतात. आत दाराच्या उजेडाखेरीज प्रकाश नाही. संरक्षित वास्तूत तिकाटणे लावायचे तर आगाऊ परवानगी काढावी लागते, आणि जुन्या रंगांवर फ्लॅश मारू नये हे माझे स्वतःचेही मत. मी उंबऱ्याशी खाली बसलो, कोपरे गुडघ्यांवर टेकवली, १७ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडली आणि पाव सेकंदाचा फोटो घेतला. या कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरण्यासाठी सेन्सरच स्वतः हलतो. पाच फोटोंतले दोन स्वच्छ आले. छताखालची फुले पाकळी-पाकळीने दिसत होती. मी उगीचच तेथे आणखी अर्धा तास बसून राहिलो.

कुंडी भंडाऱ्यात मात्र फारसे साधले नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याचे झिरपणारे पाणी गावात आणण्यासाठी हे भुयार खोदले गेले. सुमारे ऐंशी फूट खाली उतरताच दमट हवेने लेन्सवर वाफ धरली. रुमाल चालवून तीन फोटो मिळाले, तेही पुसट.

आणखीही उणिवा आहेत. खिडकीतले दृश्य विजेवर दिसते, त्यामुळे बॅटरी तीनशे-साडेतीनशे फोटोंतच मान टाकते; राजघाटावर तापीवर ऐन सूर्यास्ताला माझी ती संपली, आणि जोडीची घरी चार्जरला होती. अंधारात लहान सेन्सरच्या फोटोला दाणे अधिक पडतात. मागची पार्श्वभूमी मोठ्या कॅमेऱ्यासारखी विरघळत नाही. ज्याला पक्षी किंवा क्रिकेट टिपायचे आहे, त्याने माझ्या सल्ल्यावर विसंबू नये.

पण एका फोटोसाठी मी या सर्व उणिवा माफ केल्या आहेत. आमच्या आत्याबाई लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आल्या त्या येथल्याच झाल्या. मोठा कॅमेरा समोर आला की पदर सावरून, ओठ मिटून त्या अशा बसत की जणू न्यायाधीशापुढे उभे केले आहे. एका दिवाळीच्या आदल्या दुपारी त्या माजघरात दराबा घोटीत होत्या. मी ४५ मिलिमीटरची लेन्स लावून, आवाज बंद ठेवून कोपऱ्यात बसलो. त्यांनी सुनेला काहीतरी सुनावले आणि स्वतःच हसल्या. तेवढे हसू मला मिळाले. नंतर विचारले, तेव्हा म्हणाल्या, "अरे, एवढ्याशा डबीत मी मावले का?"

गेल्या चैत्रात त्या गेल्या. भिंतीवर लावण्यासाठी मी तो फोटो बारा बाय अठरा इंचांचा छापून नेला. मुलांनी तो बराच वेळ हातात धरून पाहिला. मग थोरल्याने पंचवीस वर्षांपूर्वीचा, ओठ मिटलेला फोटोच चौकटीत बसविला. देवघराशेजारी हसरा फोटो शोभत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. माझा सुनेने मागून घेतला. तो स्वयंपाकघरात, दराब्याच्या कढईच्या वर आहे.