माणसे गेल्यावर हललेल्या फायली

१२ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईतला प्रभादेवीचा पूल वाहतुकीला बंद झाला. आम्हा जुन्या परळकरांसाठी तो एल्फिन्स्टनचाच. शंभरी ओलांडलेला पूल पाडायलाच हवा होता. पण केईएम, टाटा रुग्णालयांकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला आता टिळक पूल नाहीतर करी रोडचा वळसा आहे, आणि तो किती दिवस, हे खात्रीने सांगणारा कोणी नाही.

नव्वदीच्या अखेरीस शहरात उड्डाणपूल भराभर उभे राहिले. तेव्हा जुन्या पुलांकडे कोणी पाहिले नाही, एवढेच त्या काळाबद्दल. हिशेब मागायचा तो २०१६ पासूनचा.

त्या वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्याही गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये खुला झाला. त्याच महामार्गाचे २०११ पासूनचे चौपदरीकरण मात्र रेंगाळतच राहिले.

मग २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा तो अरुंद जिना आम्ही रोज उतरत होतो. त्या सकाळी पाऊस होता, चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. नव्या रुंद पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती, पूल मात्र नव्हता. लष्कर आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पादचारी पूल उभा राहिला. म्हणजे फायली हलू शकतात. त्या माणसे मेल्यावर हलतात, हा माझा राग आहे.

घाई म्हणजे तपासणीला फाटा, असेही नको. मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीजवळ कोसळलेल्या हिमालय पुलाला संरचनात्मक तपासणीत वापरायोग्य ठरवले होते. पण वेळ जातो तो तपासणीत नव्हे, रेल्वे आणि महापालिका यांच्यामधल्या टेबलांवर. रुळांवरचा भाग एकाचा, पोहोचरस्ते दुसऱ्याचे. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा उघडला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळली नाही. पातळी जुळेपर्यंतचे महिने अंधेरीकरांनी कसे काढले, ते त्यांनाच विचारा.

जुना पूल बंद करण्याआधी नव्याचे आराखडे, ना हरकत पत्रे आणि रेल्वेचे ब्लॉक ठरलेले असावेत, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि पुरे होण्याची तारीख पुलापाशीच फलकावर लिहावी. पालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे ही तारीख मागा.